पत्र निघाल्यानंतर

विद्यापीठाच्या अपंग विद्यार्थी कक्षाकडून विभागाला येणारे पत्र बहुतेक वेळा एका पानाचे असते. वर विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक आणि खाली चार-पाच ओळी: परीक्षेत जादा वेळ, बसायला वेगळी खोली, व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणाची परवानगी, टिपणे आदल्या दिवशी, लेखी कामाच्या मुदतीत सवलत. शेवटी सही-शिक्का. पत्र शिक्षकांना पोहोचले आणि त्यांनी ‘पाहिले’ असे कळवले, की विषय मिटला, अशी आमच्याकडे सर्वमान्य समजूत आहे. शिकवण्याबरोबरच या पत्रांचा पाठपुरावा करण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. पत्र निघते तेव्हा आमचे काम नुकते सुरू होत असते, आणि त्याआधीच विद्यार्थ्याने एकट्याने बरेच काम उपसलेले असते, हे मला या वर्षांत रोज दिसत आले आहे. त्या कामाची नोंद कुठल्याच फाइलमध्ये नसते.

ते काम कोणते, हे एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे. आधी वैद्यकीय कागद हवा. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान लहानपणी झाले नसेल, आणि मुलींच्या बाबतीत ते पुष्कळदा झालेले नसते, तर प्रौढ वयातल्या निदानासाठी तज्ज्ञाची वेळ मिळवण्यापासून सुरुवात. मग कक्षाचा अर्ज. त्यात ‘आपल्या अडचणीचे थोडक्यात वर्णन करा’ आणि ‘आपल्याला कोणत्या सोयी अपेक्षित आहेत’ असे दोन रकाने असतात. ज्या मुलाने अजून व्याख्यानकक्ष पाहिलेला नाही, प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेले नाही, त्याने आपल्याला तिथे काय लागेल हे कसे सांगावे? त्यानंतर कक्षाला दूरध्वनी करून भेट ठरवायची, अनोळखी इमारतीत अनोळखी माणसासमोर बसून आपल्या आयुष्यातले सगळ्यात अवघड प्रसंग सांगायचे, आणि पुढे तेच परीक्षा विभागाला, वसतिगृहाला, ग्रंथालयाला पुन्हा सांगायचे, कारण या कार्यालयांचे आपापसांत बोलणे नसते. आता ज्याला दूरध्वनीवर बोलणे जमत नाही, मोघम प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे उमजत नाही, अनोळखी जागेचा ताण असह्य होतो, आणि एका कामाचे दहा तुकडे करून ते क्रमाने पार पाडणे हीच ज्याची मूळ अडचण आहे, त्याच्यासाठीच ही वाट आखलेली आहे. ज्या गोष्टी जमत नाहीत म्हणून मदत हवी, नेमक्या त्याच गोष्टी करून दाखवल्याशिवाय मदत मिळत नाही. यात कुणाचा दुष्टावा नसतो. अर्ज तयार करणाऱ्याने फक्त स्वतःसारखा अर्जदार डोळ्यांसमोर ठेवलेला असतो.

शाळेतून विद्यापीठात येताना हा भार किती अचानक खांद्यावर पडतो, याचे अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तिथे शालेय शिक्षणाच्या कायद्यानुसार विशेष गरज असलेले मूल शोधून काढणे ही शाळेचीच जबाबदारी असते. मूल किंवा पालक स्वतःहून आले नाहीत तरी ती टळत नाही. महाविद्यालयात पाऊल ठेवले की ही जबाबदारी संपते आणि तिथून पुढे विद्यार्थ्याने स्वतः ओळख द्यायची, स्वतः पुरावा आणायचा आणि स्वतः मागायचे. इतरत्र कायद्याची भाषा वेगळी असली तरी प्रत्यक्षातला व्यवहार फारसा निराळा नाही. अठरा वर्षांची होईपर्यंत जिच्या वतीने आई बोलत होती, त्या मुलीने एका सुट्टीत वकील, कारकून आणि रुग्ण या तिन्ही भूमिका शिकून याव्यात अशी आपली अपेक्षा असते. पालकांनी फोन केला, तर विद्यार्थी प्रौढ आहे, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही, हे उत्तर तयार असते. ते नियमाला धरून असते आणि गोपनीयतेच्या दृष्टीने योग्यही असते. पण विद्यार्थ्याची लेखी संमती घेऊन पालकांना बोलण्यात सामील करता येते, हे सांगण्याची तसदी मात्र क्वचितच कुणी घेतो.

आमच्या कक्षाने अलीकडे काही साधे बदल केले आणि त्यांचा परिणाम मला मोठमोठ्या धोरणांपेक्षा अधिक वाटला. भेट ठरवण्यासाठी ईमेल चालतो. भेटीच्या आधी कोण भेटणार, खोली कुठे आहे, दाराचा फोटो, भेट किती वेळ चालेल आणि कोणते प्रश्न विचारले जातील, हे सगळे लिहून पाठवले जाते. मोकळ्या रकान्याऐवजी अर्जात आता नेमके प्रश्न आहेत: गोंगाटाच्या खोलीत बोललेले कळते का? वेळापत्रक ऐनवेळी बदलले तर काय होते? हाताने सलग किती वेळ लिहिता येते? एका विद्यार्थ्याने यातल्या दुसऱ्या प्रश्नासमोर दीड पान लिहिले होते. जुन्या अर्जाच्या मोकळ्या रकान्यात त्यानेच ‘काही विशेष नाही’ एवढेच लिहिले होते.

या सगळ्यामागचे तत्त्व आता जगात बऱ्यापैकी रुजले आहे. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या दुसऱ्या कलमात वाजवी सोयीची, म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेनुसार करायच्या योग्य बदलांची, व्याख्या आहे, आणि अशी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. चोविसावे कलम हेच उच्च शिक्षणाला लागू करते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही कल्पना देशी कायद्यात आणली आणि स्वमग्नतेचा समावेश एकवीस प्रकारांच्या यादीत केला. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याचे एक वैशिष्ट्य मला विशेष महत्त्वाचे वाटते. तिथे शिक्षणसंस्थेवरचे कर्तव्य आगाऊ स्वरूपाचे आहे. म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी दाराशी येऊन थांबल्यावर उताराचा विचार सुरू करायचा नाही. असे विद्यार्थी येणारच हे गृहीत धरून तयारी ठेवायची. शिवाय सोयीचा खर्च विद्यार्थ्याकडून वसूल करता येत नाही. ‘वाजवी’ या शब्दाला अर्थातच मर्यादा आहे. संस्थेवर अवाजवी बोजा पडेल असे काही कायदा मागत नाही. मात्र मी हाताळलेल्या मागण्यांपैकी बहुतेकांना पैसा जवळजवळ लागतच नाही. त्यांना लागते ती कुणाचीतरी पूर्वतयारी, आणि तिची टंचाई पैशापेक्षा मोठी आहे.

हे कायदे आकाशातून पडलेले नाहीत. एड रॉबर्ट्स १९६२ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा पोलिओमुळे त्यांचे मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी होते आणि रात्री श्वासासाठी त्यांना ‘आयर्न लंग’ या अवजड यंत्रात झोपावे लागे. ते यंत्र सामावू शकेल असे वसतिगृह नव्हते, म्हणून विद्यापीठाच्या आवारातल्या कॉवेल रुग्णालयात त्यांना खोली देण्यात आली. पाठोपाठ तसेच आणखी विद्यार्थी आले, त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ असे नाव दिले, आणि १९७० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने तिथे अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. त्या कार्यक्रमात काय होते हे पाहिले की आजच्या कक्षांनी थोडे खजील व्हावे: मदतनीस शोधून देणे, राहायला जागा शोधणे, खुर्च्यांची दुरुस्ती. खुर्ची मोडली की शिक्षण थांबते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनीच तो आखला होता. पुढे अमेरिकेच्या संघीय सरकारची मदत घेणाऱ्या संस्थांना भेदभाव करण्यास मनाई करणारे १९७३ च्या कायद्यातले ५०४ वे कलम कागदावरच राहिले, तेव्हा १९७७ मध्ये अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले आणि नियम मंजूर करून घेतले.

म्हणजे हक्क आहे, नियम आहे, पत्रही आहे. आणि तरीही शेवटच्या पायरीवर घोडे पेंड खाते. २०२१ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे, नीटचे, एक प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लेखनदोष (डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिणे अवघड करणारी अडचण) असलेल्या त्या विद्यार्थिनीला तासाभराचा जादा वेळ मिळण्याचा हक्क होता, परंतु परीक्षाकेंद्रावर तो देण्यात आला नाही आणि इतरांबरोबरच तिचीही उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्यावर झालेला अन्याय कसा दूर करता येईल याचा निर्णय घेण्याचे आदेश परीक्षा यंत्रणेला दिले आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना या हक्कांची जाणीव व प्रशिक्षण असले पाहिजे, याकडे लक्ष वेधले. खोलीत उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाला ठाऊक नसलेला हक्क हा त्या घटकेपुरता नसलेलाच हक्क असतो. तीन तासांच्या परीक्षेत विद्यार्थ्याने नियमावलीवर वाद घालावा, ही अपेक्षा तर क्रूरच म्हणावी लागेल. म्हणून आमच्याकडे आता परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाच्या टेबलावर त्या खोलीपुरता एक कागद असतो: कोणत्या आसनाला किती वाजेपर्यंत वेळ, कुणाला बाहेर जाऊन परत येण्याची मुभा, कुणाशी बोलताना पुढ्यात येऊन बोलायचे. निदानाचा त्यावर उल्लेख नसतो. पर्यवेक्षकाला काय करायचे ते कळले म्हणजे पुरे. कुणाला काय झाले आहे, हे त्याला कळण्याचे कारण नाही.

वर्गातही हीच गत असते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी व्याख्यानकक्षात खास यंत्रणा बसवलेली असते, आणि ती शिक्षकाच्या माइकमधला आवाज थेट त्याच्या यंत्रात पोहोचवते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी दर तासाला माइक बाजूला ठेवून म्हणत, “माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, मला याची गरज नाही.” आवाज खरोखरच खणखणीत होता. पहिल्या बाकावरच्या त्या मुलाला मात्र खोलीच्या प्रतिध्वनीसकट एक गडगडाट ऐकू येत असे, कारण माइकशिवाय त्या यंत्रणेत काहीच शिरत नाही. मागच्या बाकावरून कुणी प्रश्न विचारला आणि शिक्षकाने तो पुन्हा न उच्चारता उत्तर दिले, तर त्याच्या हाती फक्त उत्तर लागे. त्याच्या पत्रात ‘माइकचा वापर करावा’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि सरांनी ते वाचलेही होते. ते त्यांना उपकरणाविषयीची सूचना वाटले नव्हते, आपल्या आवाजावरची शंका वाटली होती. अर्धा मिनिट त्यांच्या हातात त्या यंत्रणेचा रिसीव्हर आणि कानाला यंत्र दिल्यावर पुढच्या तासापासून त्यांनी माइक कधी सोडला नाही. प्रशिक्षणाच्या नावाखाली आपण शिक्षकांना जी सादरीकरणे दाखवतो, त्यांपेक्षा हे अर्धे मिनिट स्वस्त पडते.

जादा वेळेविषयी मला थोडे परखड बोलायचे आहे. ती सर्वांत जास्त दिली जाणारी सोय आहे, कारण तिच्यासाठी फक्त घड्याळ लागते. भारतातल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटे, ब्रिटनमध्ये सामान्यतः पंचवीस टक्के. म्हणजे तीन तासांच्या एकाच प्रश्नपत्रिकेला एकीकडे एक तास मिळतो आणि दुसरीकडे पंचेचाळीस मिनिटे, आणि दोन्हीकडे तो आकडा माणसाआधीच ठरलेला असतो. हाताला आकडी येणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा ब्रेलमधून वाचणाऱ्या विद्यार्थिनीला तो वेळ अत्यावश्यकच आहे, त्याविषयी दुमत नाही. पण ज्याला सभागृहातल्या दिव्यांची गुणगुण, शंभर पेनांची खरखर आणि शेजारच्याचा पाय हलवण्याचा चाळा एकाच पातळीवर ऐकू येतो, त्या स्वमग्न विद्यार्थ्याला त्याच सभागृहात आणखी एक तास बसवणे म्हणजे त्रासाचीच मुदत वाढवणे होय. संवेदनांची ही तीव्रता काही कल्पनेतली नाही. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतही स्वमग्नतेच्या निकषांत तिचा समावेश आहे. अशा विद्यार्थ्याला लहान खोली, मध्येच घड्याळ थांबवून बाहेर जाण्याची मुभा आणि परीक्षेची जागा आधी पाहून येण्याची संधी यांचा उपयोग कितीतरी अधिक होतो. माझ्या एका विद्यार्थ्याला जादा वेळ मिळत होता आणि तो दर वेळी अर्ध्या वेळातच पेपर देऊन निघून जात असे. ‘त्याला वेळेची गरजच नाही’ असा शेरा त्याच्या कागदावर पडायच्या बेतात होता. वेळेची गरज नव्हती हे खरेच. बाहेर पडायची होती.

परीक्षेत आपण नेमके काय तपासतो, हा प्रश्न इथे अटळपणे येतो, आणि सोयींच्या साऱ्या चर्चेत मला तोच सर्वांत फलदायी वाटतो. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातले प्रकरण या संदर्भात विद्यापीठांतल्या प्रत्येकाने समजून घ्यावे. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला तीव्र सामाजिक चिंताविकार होता. तिच्या प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमात प्रयोगानंतर तोंडी मुलाखत असे, आणि पुढे मोठ्या व्याख्यानगृहात गटाने सादरीकरण करायचे होते. ती मुलाखतींना जाऊ शकत नव्हती किंवा गेली तरी बोलू शकत नव्हती; तिची अडचण विभागातल्या लोकांच्या लक्षात आलेली होती; तरी गुण कापले जात राहिले. एप्रिल २०१८ मध्ये, सादरीकरणाच्या दिवशी, तिने आपले जीवन संपवले. २०२२ मध्ये तिथल्या काउंटी न्यायालयाने विद्यापीठाने तिच्याशी भेदभाव केल्याचा निर्णय दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विद्यापीठाचे अपील फेटाळले.

विद्यापीठाचा एक बचाव असा होता की तोंडी उत्तर देणे हे भौतिकशास्त्रातले कौशल्यच आहे, आणि कौशल्याच्या मानकाला कायद्यात सोयींचे बंधन नाही. न्यायालयाला ते पटले नाही. प्रयोग समजणे आणि त्याचे स्पष्टीकरण देता येणे हे मानक. ते तोंडी मांडायला लावणे ही तपासण्याची एक पद्धत. पद्धत बदलता येते. दुसरा मुद्दाही तितकाच मोलाचा आहे: अडचण डोळ्यांसमोर दिसत असताना औपचारिक कागद पूर्ण झाले नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसता येत नाही. विद्यार्थी जे सांगतो आणि जे करतो, तोही पुरावाच असतो. तेव्हापासून आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत मी एकच प्रश्न लावून धरते: या परीक्षेतून काय सिद्ध व्हायला हवे, आणि ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने सिद्ध होईल? शस्त्रक्रियेचे हस्तकौशल्य लेखी परीक्षेने सिद्ध होणार नाही आणि दुभाष्याची परीक्षा बोलल्याशिवाय होणार नाही, हे उघड आहे. पण प्रश्न प्रामाणिकपणे विचारला की अशी उदाहरणे फार थोडी उरतात. बाकी ठिकाणी ‘आम्ही असेच घेत आलो’ एवढेच कारण निघते. तोंडी परीक्षा ठेवायचीच असेल, तरी परीक्षकांची नावे आणि प्रश्नांचे विषय आधी देता येतात, प्रश्न छापील स्वरूपात पुढ्यात ठेवता येतो, उत्तराआधीची शांतता अज्ञान समजायची नाही असे परीक्षकांना सांगता येते, आणि उत्तर फळ्यावर लिहू देता येते.

‘पण हा इतरांवर अन्याय नाही का?’ हा आक्षेप दर वर्षी येतो. मी तो टाळत नाही, कारण विचारणारे बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. सर्वांना सारखी वागणूक म्हणजे न्याय, हे त्यांच्या मनात घट्ट बसलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये याच गाठीला हात घातला. लिहिताना हाताला आकडी येणाऱ्या त्या उमेदवाराला, अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या ठरीव पातळीचे नाही म्हणून, लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने तो नकार अमान्य केला, वाजवी सोय ही टक्केवारीच्या उंबरठ्यावर अडवता येणार नाही असे सांगितले, आणि कोणाला काय लागते हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवायचे असते यावर भर दिला. गैरवापराच्या भीतीविषयीही त्या निकालात विवेचन आहे; काही जण खोटेपणा करतील या शंकेपोटी खऱ्या गरजवंताला वंचित ठेवता येत नाही. मला स्वतःला या आक्षेपाचे उत्तर द्यायला एक साधी गोष्ट पुरते. ज्या वर्गात सगळ्यांची नजर चांगली आहे असे गृहीत धरून फळ्यावर लिहिले जाते, तिथे चष्मा लावणाऱ्याला कुणी सवलत घेणारा म्हणत नाही.

लिखित पत्रात कधीच नीट न येणारी एक सोय आहे आणि ती म्हणजे स्पष्टपणा. ‘विषयाचा चिकित्सक परामर्श घ्या, साधारण योग्य तेवढ्या लांबीत’ अशी सूचना वाचून बहुतेक विद्यार्थी वरच्या वर्गातल्यांना विचारून अर्थ लावतात. ज्याच्याकडे असे विचारायला कुणी नाही आणि जो शब्दांचा शब्दशः अर्थ घेतो, तो आठवडाभर ‘योग्य तेवढी’ म्हणजे किती यावरच अडतो. मग तो शिक्षकाला एकामागून एक सात ईमेल पाठवतो आणि शिक्षकाला तो उद्धट वाटतो. समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो: स्वमग्न आणि बिगर-स्वमग्न माणसांमधला न समजण्याचा प्रश्न दुहेरी असतो, दोन्ही बाजूंना समोरच्याचे मन वाचता येत नाही, दोष मात्र एकाच बाजूच्या नावावर लिहिला जातो. गटप्रकल्पांत हे सर्वांत जास्त दिसते. ‘आपसांत कामे वाटून घ्या’ असे म्हणून शिक्षक निघून गेला की वाटप जेवणाच्या टेबलावर किंवा मध्यरात्रीच्या मोबाइल गटात होते, आणि जो तिथे नव्हता त्याच्या वाट्याला उरलेले काम व ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा येतो. भूमिका लेखी ठरवून देणे, बैठकीच्या वेळा आधी जाहीर करणे आणि प्रत्येकाच्या भागाला वेगळे गुण ठेवणे एवढे केले की तक्रारी कमी होतात, आणि गंमत अशी की कमी होणाऱ्या तक्रारींत ज्यांच्या नावाने कुठलेच पत्र आलेले नाही अशांच्या तक्रारीच जास्त असतात.

वाचनसामग्रीचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे, फक्त तो वेळेत सोडवावा लागतो. पुस्तकाची पाने स्कॅन करून बनवलेली पीडीएफ डोळ्यांना मजकूर दिसते. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीला, ती कोरी पाने असतात. त्यातला मजकूर ओळखून घ्यायचा, चुका दुरुस्त करायच्या, शीर्षके नोंदवायची, आकृत्यांची वर्णने लिहायची, गणिती सूत्रे वाचता येतील अशा रूपात आणायची, या कामाला काही आठवडे लागतात. स्वामित्वहक्काची अडचण बरीचशी दूर झाली आहे. २०१३ च्या माराकेश कराराने दृष्टिबाधित व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करण्याची आणि त्या देशांदेशांत पाठवण्याची वाट मोकळी केली, आणि तो करार सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत होता. तरीही वाचनयादी सत्र सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात हातात देणाऱ्या प्राध्यापकापुढे कोणताच करार चालत नाही.

सर्वांसाठी आधीच सुलभ रचना केली की वेगळ्या सोयी लागणारच नाहीत, असे उत्साहाने म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. गरजा एकमेकींना छेदतात, हे वर्गात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ओठ वाचणाऱ्या विद्यार्थिनीला शिक्षकाच्या तोंडावर भरपूर उजेड हवा असतो आणि प्रकाशाने अर्धशिशी उठणाऱ्या तिच्या वर्गमित्राला अंधूक खोली. एकाला प्रत्येक चर्चेचे ध्वनिमुद्रण हवे असते आणि दुसरी मुलगी मुद्रण चालू असले की तोंडच उघडत नाही. कुणाचा प्रशिक्षित कुत्रा त्याच्या शेजारच्याच्या दम्याला कारण होतो. अशा वेळी कुणाचा हक्क मोठा हे ठरवण्यात अर्थ नसतो. दिवा फक्त शिक्षकाच्या बाजूला लावून मागची ओळ अंधारात ठेवता येते; व्याख्यानाचे मुद्रण करून चर्चेच्या वेळी ते थांबवून लेखी गोषवारा देता येतो; दोघांचे गट वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येतात. हे कुठल्याही नियमावलीत सापडत नाही. दोन्ही विद्यार्थ्यांना, वेगवेगळे, विचारावे लागते, आणि काही वेळा दोघांचेही पूर्ण समाधान होत नाही.

आणखी एक गोष्ट पत्राच्या रचनेतच बसत नाही: माणूस बदलत असतो. दीर्घ आजार असलेल्यांचे चांगले आणि वाईट आठवडे असतात. पहिल्या वर्षी मागितलेल्या सोयी तिसऱ्या वर्षी निरुपयोगी ठरतात. पत्र मात्र प्रवेशाच्या वेळी जे लिहिले तेच दर वर्षी तारीख बदलून येते. म्हणून पहिल्या सत्राच्या मध्यावर आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला विचारतो, की यातले काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि मिळाले त्यातले काय कामाचे निघाले. उत्तर ईमेलने दिले तरी चालते, बोलायचेच असेल तर वेळ ठरवून बोलता येते. यंदा एका विद्यार्थिनीने तिच्या पत्रातली जादा वेळेची ओळ काढून टाकायला सांगितली आणि तिच्या जागी एक नवी ओळ मागितली: व्याख्यानाची खोली बदलली तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे. परीक्षा विभागाने पहिली दुरुस्ती त्याच दिवशी केली. दुसरीसाठी वेळापत्रक कार्यालय, विभागाचे कार्यालय आणि सात शिक्षक यांना एकत्र बसवावे लागले, आणि वेळापत्रक कार्यालयाचे म्हणणे असे पडले की खोल्यांचे बदल त्यांनाच सकाळी कळतात. तो मुद्दा आता पुढच्या महिन्याच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. तोवर विभागातला एक लिपिक रोज सकाळी साडेसात वाजता खोल्यांची यादी पाहतो आणि बदल असेल तर तिला संदेश पाठवतो.